वहिनीचं बिनतांदळाचं घावन

वहिनी, तुझ्याबद्दल पेपरात छापायला चार ओळी लिहून दे, असं दादाने मला सांगितलं. मी लिहायला बसले. 'प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या' इथपर्यंत आले आणि मला हसूच फुटलं. तू शांत कधी होतीस? भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत तू कुणाचं ऐकून घेतलं नाहीस. आणि मनमिळाऊ म्हणावं, तर पहिली काही वर्षं आपल्या दोघींचं एका तरी गोष्टीवर एकमत झालेलं मला आठवत नाही. मी तो कागद फाडून टाकला. त्या ओळी मग दुसऱ्या कुणीतरी लिहून दिल्या. हे मात्र मीच लिहायला हवं. घडलं ते सगळं मलाच ठाऊक आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्यामुळे घडलं.

सुरुवात दादाच्या पायापासून झाली. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात पेणच्या त्याच्या सायकलच्या दुकानात एका चाकाचा आऊट काढताना, म्हणजे वाकडं चाक सरळ करताना, तुटका आरा त्याच्या पायाच्या बोटात घुसला. एवढीशी जखम, पण महिना झाला तरी भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि साखर निघाली. तू दवाखान्यात त्याच्या शेजारी बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, "भात बंद."

"बंद म्हंजे? कमी करायचा?"

"बंद म्हणजे बंद. भात, तांदळाची भाकरी, घावन, पोहे, सगळं."

"पेणमध्ये राहून पोहे नाय, भात नाय. मंग माणसानं खायचं काय?"

"ते तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुम्ही बघा, हे आपण सगळेच म्हणतो. तू ते खरंच बघायला घेतलंस.

आमचं गाव खांब. घरची भातशेती, आणि भात निघाला की त्याच जमिनीत वाल. दादा लहानपणापासून तिन्ही वेळा तांदूळच खात आलेला. गव्हाची पोळी म्हणजे त्याच्या लेखी आजाऱ्याचं खाणं, आणि आता तो आजारीच ठरला होता. महिन्याभरात त्याचा चेहरा उतरला. कुणाशी बोलेना, गिऱ्हाइकांवर ओरडायला लागला. गौरीच्या दिवशी आपल्याकडे घावन-घाटलं असतं. जाळीदार, पांढरं घावन आणि त्याबरोबर नारळाच्या दुधातलं गुळाचं घाटलं. त्या वर्षी सगळ्यांच्या पानात ते वाढलं आणि दादाच्या पानात पोळी-भाजी. तो पानावरून उठला आणि चपला घालून दुकानात जाऊन बसला. सणाच्या दिवशी, बंद दाराआड. तूही जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू वाल भिजत घातलेस.

वालाचं घावन कडू झालं. हरभऱ्याच्या डाळीचं लादीसारखं झालं. शेवटी मुगाची थोडी डाळ, तिच्या दुप्पट ओलं खोबरं, दोन्ही गंधासारखं बारीक वाटलेलं, आणि त्यात दोन अंडी फेटून. ते बिडाच्या तव्यावर टिकलं, उलटलंसुद्धा. दादाने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"हे आमलेट हाय. घावन नाय."

मला हे तूच सांगितलंस, दसऱ्याला मी सासरहून, रोह्याहून पेणला आले तेव्हा. मला वाटलं, तू दादाची तक्रार करते आहेस. मी त्याची बाजू घेऊन भांडायला तयारच होते. पण तू म्हणालीस, "बराबर बोलले ते. अंड्याचा वास येतो. वासाचं काय तरी करायला हवं."

आणि तू जे करत होतीस ते मी त्या दिवशी पाहिलं. खांबच्या घरामागे ईडलिंबाचं झाड आहे. नारळाएवढी, जाड सालीची फळं लागतात, लोणच्यापलीकडे आम्ही त्यांचं कधी काही केलं नव्हतं. तू त्यातलं एक मागवून घेतलं होतंस आणि किसणीवर नुसता वरचा पिवळा पापुद्रा किसत होतीस. जरा पांढरं लागलं की थांबायचीस, फळ फिरवायचीस. घरभर तो आंबट, हिरवा वास. आणि ओट्यावर झाकलेल्या पातेल्यात खवलेल्या खोबऱ्याच्या खाली-वर केवड्याच्या पाती. तुझ्या माहेरचा केवडा, खाडीच्या बांधावरचा. तुझे वडील आयुष्यभर मिठागरावर राबले आणि तूही लग्नाआधी मिठाच्या टोपल्या वाहिल्यास. त्याच वाटेवर ही केवड्याची बनं.

"अगो बाई! देवाचा केवडा खोबऱ्यात?" मी म्हटलं.

"देव काय एकटाच वास घेतो?"

रात्रभर तसंच झाकून ठेवलेलं ते खोबरं सकाळी तू वाटलंस. पाती काढून टाकल्यास, वास राहिला. अंडी फेटून घातलीस, ईडलिंबाचा कीस घातलास. मग मीठ. मीठ तू बराच वेळ बोटांत धरून राहिलीस. "वन्सं, गोड नसलं ना, की मीठ नीट पडायला लागतं," तू म्हणालीस. "मीठ चुकलं तर खोबऱ्याची गोडी कळत नाय." नारळाची शेंडी तेलात बुडवून तवा पुसलास, पीठ ओतलंस, झाकण ठेवलंस. वर घाटल्याच्या जागी नारळाचं घट्ट दूध, वेलची घातलेलं, गुळाशिवाय.

दादाने पहिला घास घेतला. मग दुसरा. त्याने तीन घावनं खाल्ली. तू स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी होतीस आणि तुझा पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला होता की मला तुझा श्वाससुद्धा दिसत होता.

त्या वेळी मी खूश व्हायला हवं होतं. मी झाले नाही. मला वाटलं, माझ्या भावाला सणासुदीला गुळाचा खडासुद्धा मिळू नये, आणि ही फुलं हुंगायला लावते! मी रोह्याहून तुझ्यासाठी केमिस्टकडून साखरेऐवजी घालायच्या गोडाच्या गोळ्या आणल्या. तू बाटली उघडली नाहीस.

"जिभेला फसवायचं नाय वन्सं. फसवली की ती जास्त मागते. तिला दुसरं काय तरी द्यायचं."

"तुला काय कळतं त्यातलं? केमिस्ट काय खोटं बोलतो?"

"मना फक्त रंग कळतो."

रंग म्हणजे त्या नळीतला. तेव्हा घरी साखर बघायची ती निळ्या औषधावर. काचेच्या नळीत औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर मग फार. तुला लिहायचा कंटाळा, अक्षरं जुळवायला वेळ लागायचा. म्हणून तू भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळी ठिपका द्यायला लागलीस. निळ्याला कपड्यांची नीळ, हिरव्याला पाल्याचा रस, पिवळ्याला हळद, विटकरीला कुंकू. दिवाळीपर्यंत त्या कॅलेंडरवर निळे ठिपके दिसायला लागले. केवड्याचे दिवस सरले. थंडीभर तू नुसत्या ईडलिंबावर भागवलंस, आणि उन्हं तापल्यावर मोगऱ्याच्या कळ्या खोबऱ्यात पुरायला लागलीस. मोगऱ्याचं घावन मला जास्त आवडायचं. तू म्हणायचीस, मोगरा गजऱ्यात बरा, खाण्यात केवडाच. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही, आणि मी अजूनही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

आता पुढचं.

दादाचं दुकान गुरुवारी बंद असायचं. गाडीने तो माझ्याकडे रोह्याला यायला लागला. तू त्याच्याबरोबर घावनांचा डबा द्यायचीस, चार त्याला, दोन मला. पहिल्याच गुरुवारी तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला, भाताच्या पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नलू, मूठभर वाढ गो. एक दिवसानं काय होतंय?"

मी वाढला. वरून वालाचं बिरडं. तो जेवताना त्याचा चेहरा असा उजळला की मी पुढच्या गुरुवारी घावन-घाटलंच केलं, गुळाचं. तो बोटं चाटत जेवला. आणि तुझा डबा मी खाल्ला. दर गुरुवारी मी तुझी घावनं खायची आणि तो माझा भात खायचा. तुझ्या हातची चव मला अशी कळली, वहिनी. चोरून.

शुक्रवारच्या चौकटीत हळद दिसायला लागली. मग कुंकू. तू त्याला विचारलंस, तो म्हणाला, मला काय ठाऊक. तुला वाटलं, तुझं घावन प्रवासात बिघडतंय. तू डब्यात केळीचं पान घालून बघितलंस, डाळ आणखी कमी करून बघितलीस, नारळ बदललास. मला निरोप पाठवलास, "वन्सं, गुरुवारचं घावन आंबतं का? खरं सांगा." मी उलट निरोप दिला, "नाही, चांगलं असतं." तेवढंच खरं होतं.

पावसाळ्यात त्याच्या बोटाची जखम पुन्हा उघडली आणि काळी पडली. ते बोट काढावं लागलं. डॉक्टर त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांसमोर तुझ्यावर चिडले. "मी पथ्य सांगितलं होतं, पाककला नाही. ते फुलांचे प्रयोग बंद करा. पाय घालवायचाय का त्यांचा?" मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. दादा छताकडे बघत होता. कुणाचंही ऐकून न घेणारी तू खाली मान घालून डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलंस, कारण तुला वाटलं ते खरं आहे.

मी रोह्याला परत आले. चार दिवस मला अन्न गेलं नाही. यांना सांगितलं, तेव्हा हे कंपनीत जायच्या गडबडीत होते, बूट घालता घालता थांबले आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग." शिफ्टला ते निघाले आणि त्यांच्या मागोमाग मी स्टेशनवर गेले.

पेणला पोचले तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. बिडाचा तवा धुऊन, पुसून फळीवर उलटा ठेवलेला. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, बसले असते तर जमलं नसतं. दर गुरुवारी भात. घाटलं. गूळ. तुझा डबा मी खायची.

तू लाटणं खाली ठेवलंस. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलीस आणि एकेका शुक्रवारवर बोट ठेवत गेलीस. शेवटच्या ठिपक्यावर बोट थांबलं.

"माझं घावन चांगलं होतं, नलू?"

त्या दिवसापर्यंत तू मला कधी नावाने हाक मारली नव्हतीस. नेहमी वन्सं, नेहमी तुम्ही.

"चांगलं होतं गो वहिनी. मी पोटभर खायची."

"मंग मना काय सांगतेस? चल. डाक्तरला सांग."

तू कॅलेंडर खिळ्यावरून काढलंस, गुंडाळी केलीस आणि पिठाच्या हातांनीच माझं मनगट धरलंस. दवाखान्यात रांग होती, तू रांग मोडून आत गेलीस. डॉक्टरांच्या टेबलावर कॅलेंडर पसरलंस आणि मला पुढे ढकललंस. मी त्या परक्या माणसासमोर, दारात उभ्या असलेल्या पेशंटसमोर सगळं बोलले. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही.

डॉक्टर कॅलेंडरवर वाकले. "हे कुणी केलं?"

"मीच. मना लिहाया येत नाय नीट."

"हे निळे दिवस... या दिवशी हे फक्त तुमचं ते घावन खात होते?"

"व्हय. घावन, भाजी, मासळी. आणि गुरुवारी," तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पाव्हणचार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माझं चुकलं, बाई," ते म्हणाले. दारातले सगळे ऐकत होते. जेवढ्या जणांसमोर ते तुझ्यावर ओरडले होते, त्याहून जास्त माणसं तेव्हा तिथे होती. त्यांनी ते मुद्दाम केलं की नाही, मला ठाऊक नाही, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे. मग त्यांनी दादाला आठवडाभर तुझंच खाणं खायला लावलं, मधे मधे रक्त तपासलं, आणि म्हणाले, चालू ठेवा.

घरी येताना तू माझ्या पुढे भराभर चालत होतीस. मी माफ कर म्हणायचं ठरवत होते आणि शब्द तोंडाशी येऊन फिरत होते. घरी पोचल्यावर तू फळीवरचा तवा काढलास आणि म्हणालीस, "नारळ फोड." मी फोडला. नंतरच्या सगळ्या वर्षांत मी ते माफ कर म्हटलं नाही आणि तूही केलं म्हणाली नाहीस. मी येत राहिले, तू मला शिकवत राहिलीस. त्यातच सगळं आलं असं मी स्वतःला समजावते. पण वहिनी, एकदा म्हणायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी रोह्याला शाळेच्या हॉलमध्ये बायकांसाठी सभा ठेवली. घरात साखरेचा पेशंट असलेल्या बायका. त्यांनी तुला बोलावलं. तू पेणहून एसटीने स्टोव्ह, बिडाचा तवा आणि झाकलेलं खोबऱ्याचं पातेलं मांडीवर घेऊन आलीस. हॉल भरला होता, कंपनीतल्या साहेबांच्या बायका पुढच्या खुर्च्यांवर होत्या. माईकसमोर तू म्हणालीस, "मी शिकलेली नाय. माझ्या घरी जे झालं ते सांगते," आणि पुढे कुणीतरी फिसकन हसलं. तू त्या दिशेने बघितलंससुद्धा नाहीस. डाळ किती, खोबरं किती, ईडलिंबाचं पांढरं का नको, सगळं सांगत तू घावन घातलंस. उलटलंस. वास पसरला तशी कुजबुज थांबली.

पुढच्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, "पण याला घावन कसं म्हणायचं? तांदूळच नाही त्यात."

"बाईनू, आधी खा," तू म्हणालीस. "मंग खुशाल नावं ठेवा."

सगळा हॉल हसला, आणि या वेळी तुझ्या बाजूने. त्या बाई उठल्या, बशी घेतली, खाल्लं, आणि दुसऱ्यांदा बशी पुढे केली. मी मागे खांबाला टेकून उभी होते. माझ्या शेजारच्या बाईला मी सांगितलं, "ती माझी वहिनी." तिने विचारलं नव्हतं. मी तिच्या पलीकडच्या बाईलाही सांगितलं.

त्यानंतर दादाचं एकही बोट गेलं नाही. तो चालायला लागला, दुकान पुन्हा उघडलं. आणि घावनाला नाकं मुरडणं त्याने कधी सोडलं नाही. आज जाड झालंय, आज वास कमी आहे. तू म्हणायचीस, "तक्रार करतात म्हंजे तब्येत बरी हाय."

आणि मग या माघात तूच गेलीस. तुला साखर नव्हती, कसलं औषध नव्हतं. सकाळी अंगण झाडता झाडता बसलीस ती उठली नाहीस. सगळ्या घराचा रंग रोज तपासणाऱ्या बाईला आतून काय होत होतं, ते कुणी तपासलं नाही. मीसुद्धा नाही.

सुतकात घरात तवा चढत नाही. शेजारपाजारचे लोक डबे आणत होते, मायेने, आणि प्रत्येक डब्यात भात. पिठलं-भात, वरण-भात, मऊ भात. दादा पानावर बसायचा, वरचं पिठलं तेवढं चाटायचा आणि उठायचा. मी त्याला भात वाढला नाही. तोही वाढ म्हणाला नाही.

तिसऱ्या दिवशी पेपरातलं वाचून निडी गावाहून एक बाई आल्या. मी त्यांना ओळखलं नाही, दादानेही नाही. रोह्याच्या त्या सभेला आल्या होत्या म्हणे, त्यांच्या मिस्टरांना साखर आहे. गाडीतून येताना डबा सांडू नये म्हणून फडक्यात बांधून आणला होता. त्यांनी तो दादापुढे ठेवला. "भाऊंना भात चालत नाय ना," त्या म्हणाल्या, "म्हणून ही केली."

सहा घावनं. ईडलिंबू त्यांच्याकडे नाही, म्हणून संत्र्याची साल किसून घातलेली. फूल कुठलं ते मला कळलं नाही, त्यांनी सांगितलं, घरच्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या. तू असं कधी केलं नव्हतंस. सुतकात अंडं चालत नाही, पण मी अडवलं नाही. दादाने एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तीन दिवसांनी माझा भाऊ जेवत होता, आणि तुझ्या घरात चूल बंद असताना तुझं घावन बाहेरून चालत आलं होतं. वहिनी, त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. मला छाती फुगल्यासारखं झालं.

"थोडी जाडच होतात माझी," बाई संकोचून म्हणाल्या. "वहिनींची पातळ होती त्या दिवशी. मी पाणी वाढवलं तर तुटतात."

मी पुढे सरसावले. मला वाटलं, तुझ्या हाताखाली तयार झालेली मी, मला सगळं येतं. मी सांगायला लागले, डाळ जास्त वेळ भिजवा, अंडं शेवटी घाला, पाणी बेताबेताने—

"पाणी नाय," दादा म्हणाला. तो ताटाकडेच बघत होता. "नळाचं पाणी घालायची नाय ती. नारळ फोडला की आतलं पाणी वाटीत धरायची. त्यानं पीठ सैल करायची, म्हणून तुटायचं नाय. आणि पहिलं घावन काढलं की तव्यावर मिठाच्या पाण्याचा एक हबका मारायची. मंग दुसरं."

मी तुझ्या शेजारी उभी राहून सहा वर्षं नारळ फोडले. फोडायचे आणि खोबरं खवायला पाठ फिरवायचे. त्या पाण्याचं तू काय करतेस, ते मी कधी बघितलं नव्हतं. रोज नाक मुरडत पाटावर बसणाऱ्या माझ्या भावाने बघितलं होतं.

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून तळहातावर लिहायला लागल्या. दादाने हातातला घास खाली ठेवला आणि त्यांना म्हणाला, "थांबा, पहिल्यापासून सांगतो."